पालेगावच्या चिमीचा झेल

चिमी भोईरच्या घरात तीन शिलाई मशिनं होती आणि तिन्ही पायानं चालवायची होती. चिमीचे पाय कमरेपासून खाली निकामी. पण मशीन देणाऱ्यांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नाही, कारण देताना माणूस कॅमेऱ्याकडे बघत असतो. अपंग बाई दिसली की तिला शिलाई मशीन द्यायचं, एवढा एकच इलाज त्या काळात अंबरनाथ-बदलापूरच्या दानशूर मंडळींना ठाऊक होता. पहिलं मशीन गणेशोत्सव मंडळानं दिलं, दुसरं महिला दिनाला आलं, आणि तिसरं विष्णुपंतांनी स्वतःच्या वाढदिवसाला दिलं. विष्णुपंत म्हणजे अंबरनाथचे पुढारी. प्रत्येक निवडणुकीआधी त्यांच्या फोटोखाली ‘भावी आमदार’ असं छापून यायचं आणि निवडणूक होऊन गेली तरी ते भावीच राहायचे.

“पाय नाय तर नाय,” चिमी म्हणायची, “पन या लोकांना डोलं तरी दे रं देवा.”

पालेगावात भोईरांची जमीन होती, ती बिल्डरनं घेतली. जिथं त्यांचं जांभळाचं झाड होतं तिथं इमारत उठायला लागली. तेव्हा चिमी एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली. आपल्या जांभळाच्या जागी आता नेमकं कुणाचं बाथरूम येणार आहे हे बघायला ती अर्धवट बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर चढली. कडेची फळी सरकली. लहानपणी त्या जांभळाच्या शेंड्यापर्यंत जाऊन ती कधी पडली नव्हती. झाड गेलं आणि पडली. ती इस्पितळातून घरी यायच्या आतच नवरदेवाकडची माणसं येऊन साखरपुड्याची साडी परत घेऊन गेली. साडीवर हळदीचा डाग होता, तरी नेली. चिमीला नवऱ्यापेक्षा त्या साडीचा राग जास्त दिवस पुरला.

त्यानंतर दोन वर्षं घरात तिच्यापुढे कुणी मोठ्यानं बोलेना. बाप बुधाजी, ज्याच्या आवाजानं पूर्वी शेजारची कुत्री पळायची, तो तिच्याशी देवळात बोलावं तसं बोलायला लागला. धाकटा भाऊ कल्पेश तिच्यासमोर क्रिकेटचं नाव काढेना. येणारी प्रत्येक बाई पदर डोळ्याला लावूनच उंबरा ओलांडायची. चिमी या सगळ्याला इतकी विटली की एकदा तिनं रडायला आलेल्या मावशीला सांगितलं, “मावशे, मी मेलू नाय गं. मेलू का मंग ये.”

दोन हजार तीन साली अंबरनाथच्या एका शाळेत मुंबईच्या कुठल्या तरी संस्थेचं अपंगांसाठी शिबिर भरलं. कुबड्या वाटल्या, चाकाच्या खुर्च्या वाटल्या, भाषणं तर भरभरून वाटली. शेवटी संस्थेच्या सेक्रेटरीबाईंनी जाहीर केलं की, अपंगांनाही टेनिस खेळता येतं. त्यांनी समोर बसलेल्या चिमीच्या हातात रॅकेट दिली, फोटोवाल्याला खूण केली आणि म्हणाल्या, “हलकेच हं, नुसता स्पर्श करायचा चेंडूला.”

दोन वर्षांचा राग आणि दोन वर्षं खुर्चीची चाकं ढकलून तयार झालेले दंड. चिमीनं हलकेच वगैरे काही केलं नाही. चेंडू सरळ व्यासपीठावर गेला आणि विष्णुपंतांच्या पोटावर, हार जिथं संपत होता बरोबर तिथं, बसला. व्यासपीठावरची सगळी मंडळी त्यांच्याकडे धावली. फक्त एक माणूस मागे खांबाला टेकून खो खो हसत होता.

तो प्रमोद. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायचा, आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी असल्या शिबिरांत खुर्च्या मांडायला जायचा. बौद्धवाड्यातल्या व्याख्यानमालेपासून सतरंज्या उचलायची त्याला सवय होती, तेवढीच भाषणांची चीडही होती. चिमीनं त्याच्याकडे वळून बघितलं. पडल्यापासून तिच्यासमोर एवढं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात सेक्रेटरीबाईंनी ते पाणी पश्चात्तापाचं समजून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“परत मारशील का असा?” शिबिर आवरताना प्रमोदनं विचारलं.

“त्यांनाच?”

“त्यांना नको. पण असाच.”

प्रमोद तिचा कोच झाला तो असा. टेनिसचं त्याला फार काही कळत होतं अशातला भाग नाही. कंपनीच्या स्पर्धेत तो बॅडमिंटन खेळायचा. टेनिस त्यानं टीव्हीवर बघितलं होतं, नियमांचं एक पातळ पुस्तक मिळवलं होतं, आणि त्यातून त्याला एवढं समजलं होतं की चाकाच्या खुर्चीवर चेंडूला दोन टप्पे चालतात, बाकी सगळं उभ्या माणसांसारखंच. अंग किंवा खुर्ची, काहीही चेंडूला लागलं की पॉइंट गेला, हेही त्यानं तिला सांगितलं. पण ते एकदाच, घाईघाईत. पुढं त्याचे भोग त्यालाच भोगावे लागले.

आता कोर्ट हवं. पालेगावात सपाट जागा एकच उरली होती, ती म्हणजे क्रिकेटचं मैदान. त्यावर कल्पेशच्या ‘पालेगाव इलेव्हन’चा कब्जा. टेनिसचा चेंडू तिथं प्रत्येक पोराच्या खिशात असायचा, पण तो बॅटनं मारायचा असतो असंच सगळ्यांचं जन्मापासूनचं मत. कल्पेशनं डोकं खाजवलं.

“बाय, सकाली मैदान तुजं. पन ऐतवारी तू आमच्यात खेलाचं.”

“मी? क करू मी क्रिकेटमधी?”

“किपिंग. ती खुर्ची ठेव स्टंपामागं. यक बॉल जानार नाय.”

सौदा झाला. बुधाजीनं खाडीवरचं मासे धरायचं जुनं जाळं काढून दिलं, आणि ते बांधायला खांब म्हणून दोन शिलाई मशिनं मैदानात नेऊन उभी केली. बिडाची जड मशिनं, वाऱ्यानं हलायची नाहीत. तिसऱ्यावर पाण्याचा हंडा ठेवला. दानशूरांच्या दानाचा एवढा चांगला उपयोग तोवर तालुक्यात कुणी केला नसेल. सकाळी चिमी त्या जाळ्यावरून चेंडू मारायची आणि रविवारी स्टंपामागं बसून झेल घ्यायची. झेलात तिचा हात असा काही बसला की आजूबाजूच्या गावांचे फलंदाज बॅटची कड लागली की मागं वळूनही न बघता चालू लागायचे. झेल घेतला की चिमी चेंडू डोक्यावर नाचवायची आणि सगळं पालेगाव बोंब मारायचं. तिच्यासमोर हळू बोलायची पद्धत गावातून गेली ती कायमची.

अडचण खुर्चीची होती. इस्पितळातली ती सरळसोट खुर्ची वळायला म्हशीसारखी. टेनिसची खुर्ची वेगळी असते, हलकी असते, चपळ असते, आणि ती परदेशातून येते. प्रमोदनं एका मासिकातून तिचा फोटो कापला आणि दोघं उल्हासनगरात चंदूकडे गेली. चंदूचा तिथल्या सिंधी कॅम्पात स्टीलच्या फर्निचरचा कारखाना. जगातली कुठलीही वस्तू दाखवा, आठवड्यात हुबेहूब करून देतो, ही उल्हासनगरातल्या प्रत्येक कारखानदाराची असते तशीच त्याचीही ऐट. त्यानं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, उलटा करून बघितला.

“हो जाएगा, साईं.”

खुर्ची झाली, आणि झकास झाली. पाइप चकाचक, गादी लाल रेक्झिनची, डायनिंग टेबलाच्या खुर्चीला शोभेल अशी पाठीवर नक्षीसुद्धा. चिमी खूश. त्या खुर्चीत बसून ती पहिल्या स्पर्धेला गेली. ही संस्थेचीच विभागीय स्पर्धा होती. मैदानात शिरल्यावर तिनं बघितलं, बाकी सगळ्यांच्या खुर्च्यांची चाकं वरून आत आणि खालून बाहेर, अशी तिरकी. फताडे पाय करून उभं राहावं तशी. हिच्या एकटीच्या खुर्चीची चाकं शाळेतल्या पोरासारखी सरळ उभी. पहिल्याच झपकन वळणाला चिमी खुर्चीसकट आडवी झाली आणि लाल रेक्झिन मातीत लोळलं.

ती चंदूकडे जाऊन थडकली तेव्हा तिच्या तोंडी जे शब्द होते ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. चंदूला तर आपलं काय चुकलं हेच समजेना.

“अरे, फोटोवाली खुर्ची का तो एक्सिडेंट हुआ था ना! पहिए टेढ़े हो गए थे. मैंने सीधे करके दिए. उल्टा मेरेकू थँक्यू बोलना चाहिए.”

“तेढेच पायजे होते, मेल्या!”

“तो बोलना था!”

शब्दानं शब्द वाढला. चंदूनं तिला कारखान्याबाहेर काढलं, तिनं बाहेर जाता जाता त्याचं एक स्टूल लाथाडण्याऐवजी खुर्चीनं ठोकरलं, आणि या दोघांचं बोलणं बंद झालं.

संस्थेकडे मात्र खरी खुर्ची एक होती. पिवळ्या रंगाची, परदेशातून देणगी आलेली, तिरक्या चाकांची. बायकांसाठी एकच. म्हणून सेक्रेटरीबाईंनी नियम केला होता, नि तो छापूनही लावला होता: विभागात जी बाई जिंकेल तिला वर्षभर पिवळी खुर्ची मिळणार, आणि ज्या बाईकडे पिवळी खुर्ची असेल ती बंगलोरला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. खुर्ची असेल तर टेनिस, नसेल तर घरी बसून तीन मशिनं बघत राहा, असा तो साधा हिशेब होता.

पुढच्या वर्षी चिमी ती सरळ चाकांची खुर्ची घेऊनच उतरली. वळायचंच नाही, असं प्रमोदनं तिला शिकवलं होतं. पुढं-मागं सरकायचं आणि चेंडू इतका जोरात हाणायचा की तो परत येताच कामा नये. तो आला नाही. पिवळी खुर्ची पालेगावला आली तेव्हा बुधाजीनं तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी तिच्या बेअरिंगमध्ये गेलं म्हणून प्रमोदनं पहिल्यांदाच आवाज चढवला.

मग तीन वर्षं चिमी व्यावसायिक खेळाडू होती. बंगलोरला जायची, चेन्नईला जायची, एकदा मलेशियालाही जाऊन आली. दर ठिकाणी थोडी वर चढायची. घरात चषक आले, जेवणाचे डबे आले, एकदा थर्मास आला. रेशनकार्डासाठी गेली तेव्हा कारकुनानं धंदा विचारला. ती म्हणाली, टेनिस. कारकुनानं पेन तसंच धरून विचारलं, “ते झालं हो. पोटासाठी काय करता?” पेपरवाले यायचे ते तर घरूनच बातमी लिहून आणायचे. ‘नियतीशी झुंज’, ‘जिद्दीला सलाम’. चिमी त्यांना सांगायची की माझा बॅकहँड कच्चा आहे, त्याबद्दल लिहा. ते कुणी लिहिलं नाही.

दोन हजार सात साली विभागीय स्पर्धेत मैत्रेयी आली. बदलापूरची, अठरा वर्षांची, लहानपणी पोलिओ झालेली. आई बँकेत, बाप सरकारी नोकरीत, आणि पोरगी बोलायला एक नंबरची फटकळ. तिच्याकडे कुणाची तरी जुनी, डुगडुगती उसनी खुर्ची होती. पण बॅकहँड असा, की चिमीनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती स्वतःचा सराव सोडून तोच बघत बसली. दोघी फायनलला आल्या.

फायनल बदलापुरात, एका नव्या कॉम्प्लेक्सच्या कोर्टावर होती. बिल्डरनं जाहिरातीत टेनिस कोर्टाचं चित्र छापलं होतं म्हणून ते बांधावं लागलं. एरवी त्यावर तिथल्या बायका पापड वाळत घालायच्या. पापड उचलायला लावून विष्णुपंतांच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि मॅच बघायला पहिल्यांदाच अख्खं पालेगाव टेंपो भरून आलं, बेंजोसकट. टेनिसमध्ये टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते सतत वाजवत होते.

चिमी जिंकत आली. तिसरा सेट, शेवटचा गेम, आणि मॅच पॉइंट तिचा. एक चेंडू, की पिवळी खुर्ची आणखी वर्षभर तिची. मैत्रेयी दमली होती. तिनं धावत्या खुर्चीतून कसाबसा चेंडू उचलला आणि तो उंच, खूप उंच गेला. चिमी पार मागं, बाहेरच्या रेषेपलीकडे होती. चेंडू तिच्याही डोक्यावरून बाहेर चालला होता. पडला असता तर आउट होता, मॅच संपली होती. आंधळ्यालाही दिसत होतं.

पण समोरून उंच चेंडू येतोय आणि मागं बसलेली चिमी आहे. रविवारी रविवारी स्टंपामागं जे शिकली तेच तिच्या हातानं केलं. रॅकेट मांडीवर टाकली, उजवा हात वर केला आणि एका हातात झेल घेतला. काय झेल होता! तिनं चेंडू डोक्यावर नाचवला. अख्खं पालेगाव उठून ओरडलं, “आउट!” बेंजो सुरू झाला. कल्पेश मैदानात धावत सुटला. बुधाजी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून नाचला.

प्रमोद तेवढा कपाळाला हात लावून बसला होता.

अंपायरनं बेंजो बंद व्हायची वाट पाहिली. मग त्यानं सांगितलं की, टप्पा पडायच्या आत चेंडूला हात लावला, पॉइंट मैत्रेयीचा. बुधाजी अंपायरच्या अंगावर गेला, “दिसत नाय का? क्लीन क्याच हाय!” त्याला आवरायला विष्णुपंतांची माणसं लागली. चिमी तशीच, चेंडू हातात धरून बसली होती. तिला अंपायरचा राग आला नाही, बापाचा आला नाही. आपल्या हाताचा आला. त्यानंतर तिला एकही फटका धड लागला नाही. मॅच गेली.

नियम म्हणजे नियम. सेक्रेटरीबाईंनी तिथंच, फोटोवाल्यांसमोर, खुर्ची बदलायला लावली. चिमी दोन्ही चाकं घट्ट धरून बसली. सुटेनात बोटं. शेवटी कल्पेशनं तिला उचलून घेतलं, लहान पोराला घ्यावं तसं, आणि टेंपोत नेऊन ठेवलं. परत जाताना एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही. पालेगाव पुन्हा तिच्यासमोर हळू बोलायला लागणार की काय, याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

घरी आल्यावर ती प्रमोदला म्हणाली, “तुम्ही मना सांगलं का नाय, झेल घेयाचा नसतो म्हनून?”

“अगं, टेनिसमध्ये झेल कोण घेतं?”

“आम्ही घेतो!” चिमी ओरडली. आणि प्रमोदला त्या शिबिरातल्यासारखं हसू फुटलं. त्यानं दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग चिमीलाही फुटलं. रडत रडत दोघं हसली, आणि स्वयंपाकघरातून बुधाजी ओरडला की क्याच क्लीनच होता.

दुसऱ्या आठवड्यात चिमी गेली चंदूकडे. चार वर्षांचा अबोला मोडायला तिला फार त्रास झाला असं वाटत असेल तर चूक. ती दारातून म्हणाली, “तेढ्या चाकांची पायजे. आता बोलून ठेवते.” चंदू एवढी वर्षं वाट बघत असल्यासारखा हातातलं काम टाकून उठला. “लेकिन कितनी टेढ़ी? फोटो से नहीं होगा. असली माल दिखाओ.”

असली माल बदलापुरात, मैत्रेयीच्या बुडाखाली होता. चिमीनं सगळा मान गिळला आणि तिच्या घरी गेली. एक दिवसापुरती खुर्ची दे, माप घेऊन परत देते, म्हणाली.

मैत्रेयीनं तिच्याकडे नीट बघितलं. “आणि नाही दिली परत तर?”

“मी क चोर हाय?”

“मी तुमच्या जागी असते तर नसती दिली, चिमीताई. म्हणून म्हणते. मी येते ना खुर्चीबरोबर.”

आणि ती आलीही. चंदूच्या कारखान्यात ती पिवळ्या खुर्चीत ठाण मांडून बसली. जरा उतर, असं चंदूनं सांगून पाहिलं. ती हलली नाही. मग बिचारा चंदू गुडघ्यांवर बसून तिच्या पायांमधून, पाठीमागून, चाकांखालून टेप सरकवत मापं घेत राहिला आणि वर बघून कुठल्या तरी सिंधी देवाला हाका मारत राहिला. चिमीला ती पोरगी तेव्हाच आवडली, पण तिनं तसं दाखवलं नाही. चंदूनं नवी खुर्ची केली ती तिरकी, हलकी, भिरभिऱ्यासारखी वळणारी. पाठीवरची नक्षी मात्र त्यानं सोडली नाही. ती त्याची सही होती.

वर्षभर चिमीनं बॅकहँडवर घाम गाळला. प्रमोदनं कल्पेशला सांगून तिचं किपिंग बंद करवलं. आणि त्यानं आणखी एक काम केलं: पालेगावच्या मंडळींना देवळात बसवून टेनिसचा एकच नियम शिकवला. सगळं शिकवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

दोन हजार आठ. तेच बदलापूर, तेच कोर्ट, तेच उचललेले पापड, व्यासपीठावर तेच भावी. फायनलला त्याच दोघी. मैत्रेयी पिवळ्या खुर्चीत, चिमी चंदूच्या. मॅच मोठी झाली. ऊन चढलं तशी दोघींच्या तळव्यांची सालं निघाली, पण एकीनंही पट्टी मागितली नाही. चिमीला कळत होतं की हरली तर बंगलोर गेलं, आणि आता ती वीस वर्षांची पोर नव्हती की दर वर्षी नव्यानं सुरुवात करेल. शेवटी मॅच पॉइंट आला, आणि आला तोही चिमीचाच.

मैत्रेयीनं सगळा जीव काढून बॅकहँड हाणला. चेंडू सपाट, वेगात, सरळ चिमीच्या छातीच्या रोखानं. चिमी रेषेच्या मागं होती. चेंडू बाहेर जाणार होता, तिनं अडवला नाही तर. अंगाला लागला तरी गेला, खुर्चीला लागला तरी गेला. आणि तिचा उजवा हात, तो हलकट हात, आपोआप वर यायला लागला.

“सोड!”

आवाज एकट्या कल्पेशचा नव्हता. बुधाजी, कौसाबाई आत्या, बेंजोवाले, टेंपोचा ड्रायव्हर, अख्खं पालेगाव घसा फाडून ओरडत होतं. “सोड! सोड! सोड त्याला!” जन्मभर ‘धर’ ओरडलेली माणसं ती. चिमीनं हात खाली आपटला, डावं चाक ओढलं, आणि चंदूची तिरकी खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरली. चेंडू तिच्या दंडाला वारा घालत गेला आणि मागं, रेषेच्या चांगला बाहेर, धुळीत पडला.

अंपायरनं आउट दिला. बेंजो लागला. तिकडे बुधाजी अंपायरलाच मिठी मारायला निघाला.

गोंगाट ओसरल्यावर चिमीनं जाळ्यापलीकडे बघितलं. मैत्रेयी पिवळ्या खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. बोटं पांढरी पडलेली. सेक्रेटरीबाई तिच्यापाशी जाऊन म्हणत होत्या, “चल बाळ, उतर आता, फोटो घ्यायचाय.” ती बोटं चिमीच्या ओळखीची होती.

ती चाकं मारत तिकडे गेली. “ऱ्हाऊ द्या बाई. ती खुर्ची तिच्याकडंच ठेवा.”

“असं कसं? नियम आहे.”

“नियम मीबी वाचलाय. जिच्याकडं पिवळी खुर्ची ती बंगलोरला जानार. तर ही जानार. आणि मी जिंकलू, ती खुर्ची माझी, मी तिला वापराया दिली. मंग मीबी जानार. सांगा, चुकलं का?”

सेक्रेटरीबाईंनी नियमाचा छापील कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला; अडवायला त्यात काही सापडेना. तेवढ्यात कल्पेश मागून ओरडला, “बाय, येरी झालीस का? धर ती खुर्ची!”

“मगाशी तुम्हीच बोंबललाव ना, सोड म्हनून?” चिमी वळून म्हणाली. मग मैत्रेयीकडे बघून आवाज खाली आणला. “उपकार नाय करत गं तुझ्यावर. तिथं बंगलोरात बॅकहँडवाल्या पुष्कल असतात. मना सरावाला कोन हाय? ही पोरं?”

मैत्रेयीनं नाक पुसलं. “बॅकहँड अजून कच्चाच आहे तुमचा,” ती म्हणाली, आणि मग तिची बोटं सुटली.

एवढं सगळं बघून विष्णुपंतांना भरून आलं. त्यांनी माइक ओढला. दोघींना बंगलोरला पाठवण्याची कल्पना आपलीच होती, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. आणखी भरून आलं, तेव्हा त्यांनी विजेत्या भगिनीला स्वतःतर्फे एक शिलाई मशीन जाहीर केलं.

प्रमोदनं मान खाली घातली. आता चिमीच्या तोंडून काय निघतंय या धाकानं पालेगाव दोन पावलं मागं सरलं. चिमी व्यासपीठाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर मैदानातलं ते तिसरं मशीन आलं, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन इतकी वर्षं एकटंच उभं असलेलं. जाळं बांधायला दोन लागतात.

“द्या साहेब,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात जोडून मनापासून हसली. “पन पायानं चालवायचंच द्या. जड असतं.”

मग ती मैत्रेयीला म्हणाली, “ऐतवारी सकाली ये पालेगावला. दुसरं कोर्ट झालं.”